सामानाजवळ कोण बसलं?

ब्राझीलमधल्या रेसिफेत पावाच्या रांगेत माझ्यापुढे नणंद-भावजय उभ्या होत्या.

"वहिनी, रविवारी समुद्रावर तुम्ही सामानाजवळ नव्हता म्हणे?"

"नव्हते. पाण्यात होते."

"पोहायच्या कपड्यात? एवढ्या सुटलेल्या पोटासकट?"

"मग पोट काय घरी ठेवून जाऊ?"

"दवाखान्यातल्या त्या योगाच्या बाईंनी शिकवलं वाटतं हे!"

"त्या एवढंच म्हणाल्या, पोटावर हात ठेवा, आत ओढू नका, श्वास येऊ दे. लग्नापासून ओढूनच धरलं होतं गं मी, फोटोतसुद्धा. त्या दिवशी सोडलं आणि चक्क घोरायला लागले."

"योग करताना?"

"सगळ्या हसल्या. बाई म्हणाल्या, उठवू नका, दमलीये ती."

"आणि समुद्रात काय केलंत?"

"तेच. उताणी पडले, पोट सोडलं, आणि तरंगले!"

"अगंबाई! अन् कोंबडीचं पातेलं, कपडे, चपला? इतकी वर्षं तुम्हीच राखत आलात."

"तुझा दादा होता ना छत्रीखाली."

"दादा? गप्प बसला?"

"छे! ओरडला, निवाल्दा, लोक बघतायत, बाहेर ये. मी म्हटलं, बघू देत, झेनिवाल्दो. तू पातेल्यावर लक्ष ठेव."