गुळ्याला विचारलंस का?

आणि वर मलाच विचारतात, ‘गुळ्याला विचारलंस का?’ मॅडम विचारतात, आई फोनवर विचारते, आमच्या वर्कशॉपच्या खाली टायरचं दुकान आहे, तो टायरवाला, ज्याला आमच्या मशीनचं तोंड कुठे नि शेपूट कुठे याचा पत्ता नाही, तोसुद्धा जिन्यात मला गाठून म्हणतो, ‘काय हो, अडलंय म्हणे? मग गुळ्याला विचारलंत का?’ अहो, मशीन माझं, कल्पना माझी, अडलंय ते माझं, मग विचारायचं गुळ्याला का? तुम्हाला सांगतो, मी काही जळत नाही. तो माझा स्वभावच नाही. मी आपला फक्त विचारतोय.

थांबा, तुम्हाला गुळ्या माहीत नाही. सुखी आहात. कॉलेजात आम्ही एकाच बाकावर बसायचो, आता एकाच वर्कशॉपात आहोत. गुळाच्या ढेपेला मुंग्या लागतात तशी त्याला माणसं लागतात, म्हणून गुळ्या. नाव मीच ठेवलं. त्याचंही श्रेय मला कोणी दिलेलं नाही. आणि करत काय असेल तो? काहीच नाही हो. समोरचा बोलत असतो, हा मान हलवत ऐकतो, आणि शेवटी म्हणतो, ‘बरोबर आहे तुमचं.’ संपलं. एवढ्यावर जग त्याच्या खिशात. मी कॉलेजात वाचनालय सगळ्यांसाठी खुलं करा म्हणून पायऱ्यांवर उभं राहून घसा बसेपर्यंत भाषण केलं, लोक गलबलले, डोळे पुसले, आणि डोळे पुसत पुसत जाऊन त्याला म्हणाले, ‘तुमचा मित्र छान बोलतो.’ आता बोला.

तर मशीन. गावाबाहेर दृष्टिहीन मुलांची शाळा आहे. तिथली पुस्तकं मी पाहिली… म्हणजे काय सांगू, बोटं फिरून फिरून कागदावरचे उठाव चपटे झालेत, मुलं अर्धी गोष्ट वाचतात आणि पुढची अर्धी स्वतःच्या मनाने रचतात. एका पोराच्या गोष्टीत राजा जिवंत आणि शेजारच्याच्या गोष्टीत गेलेला. मला हे सहन होईना. विकतचं मशीन शाळेच्या आवाक्याबाहेर, मग मी म्हटलं, आपण करू. जाड कागद, वर सरकणारा दांडा, दांड्याला बोथट सुई, आणि ठक, ठक, ठक, एकेक टिंब उठवत जायचं. मॅडम, म्हणजे आमच्या वर्कशॉपच्या प्रमुख, माझं सगळं बोलणं शांतपणे ऐकून म्हणाल्या, ‘कर. खोली देते, सामान देते, आणि गुळ्याला देते.’ मी म्हणालो, ‘मॅडम, मला सोबत नकोय.’ त्या म्हणाल्या, ‘तुला नाही रे, मशीनला देतेय.’

आणि मग त्यांनी ते वाक्य टाकलं ज्याच्यापायी माझी भूक गेली. मशीन तयार झालं की पूर्ण सत्रभर शाळेत राहणार, आणि ते चालवायला आमच्यातला एक जण तिथे राहायला जाणार. एकच. शाळेच्या बाई येऊन मशीन बघतील, त्यांच्यासमोर ज्याच्या हातून चालेल तो जाईल. मी त्याच दिवशी बॅग भरली. त्यावर आई काय म्हणाली असेल? ‘गुळ्याला पाठवत असतील तर त्याच्याबरोबर स्वेटर दे, त्याला थंडी बाधते.’ माझी सख्खी आई. मी जळत नाही, पण स्वेटर माझा होता.

बरं, सगळं जुळलं. दांडा सरकतोय, सुई आपटतेय. आणि अडलं कशावर? घरी जाण्यावर. असं बघा, असल्या प्रत्येक मशीनला चालू केल्याबरोबर पहिली आज्ञा द्यायची असते, घरी जा. घर म्हणजे कोपरा. कोपऱ्यात एक छोटं बटण असतं, दांडा सरकत सरकत जाऊन त्या बटणावर टेकतो, बटण दाबलं जातं, मशीनला कळतं की आपण आता इथे आहोत, आणि मग सगळी मापं तिथून. माणसाचंही तसंच असतं म्हणा, पण ते राहू दे. मी आज्ञा दिली, घरी जा. मशीन टेबलाच्या मधोमध उभं. जागच्या जागी शहारलं, आणि पडद्यावर उत्तर आलं, ‘ओके’. म्हणजे पोचलो. अरे, कुठे पोचलास? लग्नाचं वय उलटून गेलेला भाऊ जसा दिवाणावर लोळत म्हणतो ना, जाऊन आलो, तसं. पुन्हा म्हटलं, घरी जा. शहारलं. ओके.

आता या सगळ्याचा मेंदू म्हणजे एक तळहाताएवढा हिरवा बोर्ड. त्याला चहूबाजूंनी पिना. मोटरची एक, सुईची एक, बटणाची एक. प्रत्येक पिनेला जगातली एकच गोष्ट कळते, एक की शून्य. आणि बोर्डाला त्याच्या भाषेत विचारलं तर तो सांगतो कोणती पिन कशी आहे. एम ११९ लिहायचं, की बटणांची हजेरी. मी लिहिलं. म्हणाला, कोपऱ्यातलं बटण ‘दाबलेलं’. कोणी दाबलंय? दांडा बटणापासून हातभर लांब, माझे दोन्ही हात टाइप करतायत. मी उठलो, बटण बोटाने दाबून धरलं, दुसऱ्या हाताने पुन्हा विचारलं, तर म्हणतो, ‘मोकळं’. माझं बोट त्यावर आहे आणि हा म्हणतोय मोकळं. माझ्या धाकट्या आत्यानंतर इतक्या ठामपणे उलटं बोलणारं मी कोणी पाहिलं नव्हतं.

मग मी एम ४३ लावलं. ही आज्ञा फार मजेदार आहे. बोर्डाला सांगायचं, तू नुसता बघत बस, आणि कोणतीही पिन बदलली की मला येऊन सांग. पहारेकरीच म्हणा. तो सांगू लागला… आणि थांबेना. एक पिन सारखी, एक, शून्य, एक, शून्य, शून्य, एक. बघतो तर त्या पिनेला काही जोडलेलंच नाही. रिकामी. कुणी बाजूने हात फिरवला की बदलते. ज्यांना काही काम नसतं त्यांचीच जास्त बडबड असते हे मला पटलं. पण मनात काय आलं सांगू? माणसांना अशी पिन असती तर. मॅडमच्या कपाळाशी एक तार जोडली असती, एम ४३ लावून बसलो असतो. गुळ्या खोलीत आला, एक. मी आलो, शून्य. गुळ्या आला, एक. पुरावा हातात असता माझ्या.

तेवढ्यात आलाच तो. हातात चहाचे दोन कप. ‘काय झालं रे?’

‘काही नाही.’

‘बटण उलटं सांगतंय का?’

बघा, मी म्हटलं होतं काही नाही. पण नाही, याला कळायलाच हवं. मी म्हणालो, ‘माझं मी बघतो.’ तो म्हणाला, ‘बरोबर आहे तुझं.’ आणि चहा ठेवून गेला. चहा चांगला होता, तोही राग आहेच.

आता उलटं बोलणाऱ्या बटणाला दोन उपाय. एक, बटणाच्या एका पायावरची तार काढून दुसऱ्या पायावर लावायची, की ते सरळ बोलतं. दुसरा, तारेला हात न लावता बोर्डाच्या प्रोग्रॅममध्ये लिहायचं की बाबा रे, हे बटण जेव्हा हो म्हणेल तेव्हा तू नाही समज. दोन्हीपैकी कुठलाही एक. तारेला पेचकस लागतो, पेचकस गुळ्याकडे असतो, कारण सगळ्यांच्या वस्तू गुळ्याकडेच असतात. म्हणून मी प्रोग्रॅमवाला निवडला. माझ्या कोपऱ्यात संगणकासमोर बसलो, कानात गाणी घातली, पाठ खोलीकडे केली, प्रोग्रॅम बदलला आणि नखाएवढ्या मेमरी कार्डावर उतरवून खिशात ठेवला. लगेच चालवून का नाही बघितला? अहो, मशीनपाशी तोच उभा होता. त्याच्यासमोर चाललं असतं तर त्याने मान हलवली असती, आणि मॅडम दारातून बघून म्हणाल्या असत्या, वा गुळ्या. त्यापेक्षा बाईंसमोरच बोर्डात घालू म्हटलं. मी जळत नाही, मी दूरचा विचार करतो.

मध्ये एकदा तो माझ्यामागे येऊन काहीतरी बोलून गेला. मला गाण्यात ऐकू आलं नाही.

शाळेच्या बाई आल्या. त्यांनाही दिसत नाही. आल्या आल्या त्यांनी मशीनवरून हात फिरवला, पायांपासून सुईपर्यंत, जसं दुसऱ्याच्या घरचं तान्हं बाळ बघतात तसं, आणि म्हणाल्या, ‘कोणी केलं?’ मी तोंड उघडलं, तर मॅडम म्हणाल्या, ‘या दोघांनी.’ दोघांनी! बरं, गिळलं. मी पुढे झालो, पुस्तकांवर, हक्कांवर, अर्ध्या राहिलेल्या गोष्टींवर बोललो. बाई म्हणाल्या, ‘खरं आहे. चालू करता का?’ मी खिशातून कार्ड काढलं, बोर्डात घातलं. गुळ्याने मागून शर्ट ओढला. मी झटकला. आज्ञा दिली, घरी जा.

मशीन टेबलाच्या मधोमध उभं होतं. शहारलं. ओके.

बाईंनी कान तिरका केला. ‘पोचलं? आवाज तर एवढासाच आला.’

मी एम ११९ लिहिलं. दाबलेलं. बटणापाशी चिटपाखरू नाही, आणि हा परत म्हणतोय दाबलेलं. गुळ्या हळूच म्हणाला, ‘तू प्रोग्रॅम बदललास?’

‘मग? का?’

‘अरे, मी तार बदलली.’

आलं ना लक्षात? त्याने उलट्याचं सरळ केलं, मी त्या सरळाचं उलटं केलं. एकेकट्याचं काम चोख होतं. दोघांनी मिळून मशीन जिथल्या तिथे आणून ठेवलं. मी म्हणालो, ‘सांगायचंस की मग.’ तो म्हणतो, ‘सांगितलं ना, मागे येऊन. तू मान हलवलीस.’ अहो, मान मी गाण्यावर हलवली होती! मान हलवणं हा त्याचा धंदा, आयुष्यात एकदा मी हलवली तर हे.

मॅडमनी माझ्याकडे बघितलं आणि एकच प्रश्न विचारला. कोणता ते तुम्हाला माहीत आहे.

मी कार्डाकडे झेपावलो, जुना प्रोग्रॅम घालायला. त्याच क्षणी गुळ्या पेचकस घेऊन तारेकडे. म्हणजे परत दोघंही. मॅडम ओरडल्या, ‘एक जण. फक्त एकाने हात लावायचा.’ आम्ही दोघं थिजलो. ज्याच्या हातून चालेल तो जाणार, आठवतंय ना? माझी बॅग, माझी शाळा, माझी अर्धी राहिलेली पुस्तकं, सगळं त्या एका हातावर. आणि गुळ्याने काय करावं? पेचकस खाली ठेवला आणि म्हणाला, ‘तू कर.’

बघा, भांडला असता तर मी जिंकलो असतो. हिसकावून घेतलं असतं तर मजा होती. ‘तू कर’ म्हणे. म्हणजे मी केलं ते त्याच्या परवानगीने केलं. घातला जुना प्रोग्रॅम. दिली आज्ञा. दांडा सरकत सरकत कोपऱ्यात गेला, बटणावर टेकला, आणि त्याने ‘ओके’ म्हटलं तेव्हा ते खरं होतं. मग ठक ठक ठक, एक ओळ. बाईंनी कागद घेतला, बोट फिरवलं, परत फिरवलं. मी श्वास धरून उभा. त्या म्हणाल्या, ‘टिंबं अगदी टोचतात हो. किती दिवसांनी असं टोचलं.’ माझ्या डोळ्यांत पाणी आलं. बघितलं कोणी? मॅडम गुळ्याच्या डोळ्यांतलं बघत होत्या.

मॅडम म्हणाल्या, ‘तर मग हा येईल तुमच्याकडे.’ आणि माझ्याकडे बोट केलं. माझ्याकडे. मी तरंगलो. पुरते दोन श्वास तरंगलो असेन, तर बाई म्हणतात, ‘आम्हाला दोघंही द्या ना. एक मोडेल, एक दुरुस्त करेल.’ कोण मोडेल नि कोण दुरुस्त करेल ते त्या बोलल्या नाहीत. पण हसल्या कोणाच्या दिशेने ते मला कळलं.

तेव्हा आता आम्ही दोघं शाळेत असतो. एकच खोली, दोन खाटा, माझा स्वेटर त्याच्या अंगात. मशीन झकास चालतं, रोज नवी पानं निघतात, सगळ्या मुलांच्या गोष्टीत आता राजा एकदमच मरतो. मी ठरवलं होतं, इथे तरी सरळ सुरुवात करू. इथे चेहरा दिसत नाही, तेव्हा गुळ्याचं ते मान हलवणं फुकट, इथे माणूस कामावर मोजतील. बसमधून आधी उतरलो तो मी. फाटकातून आधी शिरलो तो मी. पहिल्याच दिवशी मुलांनी आमचे आवाज ऐकले, हात हातात घेऊन पाहिले, आणि आपसात ठरवून नावं ठेवून टाकली. तो ‘दादा’. मी ‘दुसरे दादा’.

बाईंकडे तक्रार केली मी. म्हटलं, मशीनची कल्पना कोणाची, इथे आधी आलं कोण, काही क्रम आहे की नाही? बाईंनी सगळं नीट ऐकून घेतलं, मान हलवली, आणि म्हणाल्या, ‘बरोबर आहे तुमचं.’

आता ‘दुसरे दादा’ म्हणून हाक आली की मी मुकाट्याने ओ देतो.