तीन धुण्यांचा वाफा

सन्माननीय अध्यक्षबाई, व्यासपीठावरील डॉक्टर, उद्याच्या यानाने पृथ्वीवर परतणारे सत्कारमूर्ती संचालकसाहेब, आणि या घुमटाखाली माझ्याबरोबर राबणाऱ्या सोबत्यांनो,

मी माती धुणारी. भाषणाची सवय नाही. साहेबांविषयी चार शब्द बोल म्हणालात, म्हणून उभी आहे.

या ग्रहावरचा पहिला बटाटा साहेबांच्या कारकिर्दीत निघाला. वाजवा टाळ्या. वाजवायलाच हव्यात.

इथल्या मातीत विषारी क्षार आहेत, हे तुम्हाला मी काय सांगू? माती सात वेळा धुवायची, हा नियम माझ्या थोरल्या बहिणीचा, तीही धुणारीच. साहेब म्हणाले, "ताई, पाणी काय आभाळातून पडतंय इथं? तीन धुणी पुरेत."

ताई म्हणाली, "मग त्या वाफ्यातलं पहिलं ताट तुमचं."

साहेब हसले. किती गोड हसतात! तीन धुण्यांच्या हुकमावर सही केली आणि चाचणीचं ताट तिच्याकडे सरकवलं.

दोन वर्षं ती तेच खात होती. मग त्या क्षारांनी गळा सुजला. ती बघा, तिसऱ्या रांगेत, शाल गुंडाळून. तिला आता सतत थंडी वाजते. तिच्या आजाराच्या अहवालात साहेबांनी लिहिलं, 'धुणारीची हलगर्जी'. धुणी किती, ते लिहायचं राहून गेलं. कामाचा व्याप असतो माणसाला.

आपल्याकडे रीत आहे, जाणाऱ्यानं आपण सही केलेल्या वाफ्यातलं खाऊन निघायचं. साहेब, समोरच्या ताटलीवरचं झाकण काढा. तोच वाफा. तीनच धुणी, मी स्वतः धुतलीत. डॉक्टर, एका बटाट्यानं काही होत नाही ना? बघा, नाही म्हणतायत.

घ्या ना. लाजताय काय?

अध्यक्षबाई, साहेबांनी ताटली सरकवली. या खेपेला डॉक्टरांकडे. सगळ्यांनी पाहिलं ना?

हा तो अहवाल. हे पेन. ताटली तरी रिकामी होऊ दे, नाहीतर तो 'हलगर्जी' शब्द तरी खोडला जाऊ दे. यान सकाळी आहे, मला घाई नाही.

हं. खोडा. आता वर 'तीन' लिहा. अक्षरात. ठळक काढा, पृथ्वीवर वाचायचंय. आणि खाली सही. तुमची सही सुंदर आहे, साहेब.

ताई, झालं गं.

आपण सर्वांनी शांतपणे ऐकून घेतलंत, आभारी आहे. बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल तर पोटात घाला. आणि साहेब, हे बटाटे डब्यात भरून देते. प्रवास सात महिन्यांचा आहे.