हवा आधी त्याले

हिंगणीहून वर्ध्याला निघालेल्या एसटीत पौर्णिमाच्या पुढच्या सीटवर दोघं मित्र बसले होते. आदेशच्या मांडीवर चादरीत बांधलेला कॉम्प्युटर होता, आणि आदेशचा आवाज असा खणखणीत, की पौर्णिमाचे कान आपोआप टवकारले.

"नवाच जोडला ना तू, आदेश?"

"नवाच हाये. तरी दुसरा मदरबोर्ड गेला. वर्ध्याचा दुकानदार भंगार माल देऊन राह्यला, दुसरं काई नाई!"

"गरम तं होत नसंन?"

"गरम? अबे, लग्नाचे अल्बम बनवतो त्याच्यावर. कूलरच्या बिलकूल तोंडासमोर ठेवला हाये. घरचे घामानं भिजले तरी चालते, पण हवा आधी त्याले."

"पाण्याच्या कूलरसमोर?"

"मंग! हात लावून पाह्य, थंडगार राह्यते."

"अन् त्या खोलीत पापड कडक राह्यतात का?"

"छे! नरम पडतात. आईनं पापडाचा डबा कवाच सयपाकघरात नेला."

"काऊन नेला?"

"खोलीत वल धरते म्हने..."

सेलूचा थांबा येऊन गेला, तसं आदेशनं चादरीची गाठ सैल करून कॉम्प्युटरला नाक लावलं आणि ओलीचा वास येतो का ते पाहिलं. पौर्णिमानं हसू ओढणीत दाबलं.

"दुकानात मीच बोलतो," शेवटी तो तितक्याच खणखणीत आवाजात म्हणाला. "तू फक्त पापडाचं नाव काढू नोको."