पत्र्याच्या भिंतीआडचा वॉल्व्ह

लोपेती: आत्या, हळू बोल! भिंत पत्र्याची आहे. पलीकडे लुसेआने पाहुण्यांचे डायव्हिंगचे मास्क मोजतेय.

आत्या: मग मोजू दे की. मी एवढंच विचारलं, तुझं यंत्र पादायचं बंद कसं झालं?

लोपेती: आत्या!

आत्या: डोळे काय वटारतोस? तू भाऊ, ती बहीण. आपल्या बेटाच्या रीतीनं तुमच्या दोघांच्या कानांवर तो शब्द एकत्र पडायचा नाही. माझ्या तोंडाला कुणी कुलूप लावलंय? अख्ख्या बंदराला ऐकू जायचं ते. पाद्रीबाबा एकदा प्रार्थना अर्धवट सोडून आपल्याच बायकोकडे बघायला लागले होते.

लोपेती: म्हणून तर बंद केलं. सिलिंडरमध्ये हवा भरता भरता पहिल्या टप्प्यात दाब साचायचा आणि सेफ्टी वॉल्व्ह फर्रकन उडायचा. तोही नेमका ती दारात आली की. ती विचारायची, "लोपेती, किती सिलिंडर झाले?" मी तोंड उघडायच्या आधी यंत्रच उत्तर द्यायचं. मग मी मागच्या दारानं थेट समुद्रात.

आत्या: खरंच समुद्रात?

लोपेती: मागचं दार दुसरीकडे कुठे उघडतं? गुडघाभर पाण्यात उभा राहायचो, ती जाईपर्यंत. भरतीला कमरेपर्यंत.

आत्या: अरे देवा. आणि मी सगळ्यांना सांगत फिरतेय, पोराला संधिवात झालाय.

लोपेती: शेवटी वॉल्व्हच्या डोक्यावरचा स्क्रू घट्ट आवळून टाकला. तेव्हापासून गप्प आहे बिचारं. आता बाजूला हो, सुरू करतो. संध्याकाळपर्यंत सगळे सिलिंडर भरून हवेत.

लुसेआने: आत्या! आत्या, जरा बाहेर ये. आणि त्याला म्हणावं, थांब. यंत्र सुरू करू नकोस म्हणावं.

आत्या: ऐकलंस ना? थांब. आले गं, आले. कमरेला गुंडाळलेल्या या मानाच्या चटईत धावता येतं का मला? बोल.

लुसेआने: त्याला विचार, वॉल्व्हचं शिशाचं सील कुणी तोडलं?

आत्या: तूच विचार. पाच पावलांवर बसलाय.

लुसेआने: कशी विचारू? सीलचं विचारलं की स्क्रूचं निघणार. स्क्रूचं निघालं की त्याचं निघणार.

आत्या: कशाचं?

लुसेआने: तू समजून घे ना.

आत्या: समजलं मघाशीच. तुझ्या तोंडून ऐकायचं होतं.

लुसेआने: हसू नकोस, आत्या, मला रडू येतंय. दाब वाढला की हवा सोडायची, एवढंच त्या वॉल्व्हचं काम. तो सोडतो म्हणून यंत्र फुटत नाही. ह्यानं ती वाटच बंद केली. वर यंत्राला चिकटून स्टूल टाकतो आणि उकडलेला तारोचा कंद खात बसतो. सकाळी मी यंत्राला हात लावला, बोटं पोळली. एखादा पाइप फुटला तर सगळं त्याच्या तोंडावर येईल.

आत्या: मग इतके दिवस गप्प का बसलीस?

लुसेआने: सील आज दिसलं. संशय कधीचा होता. पण तोंडातून शब्द फुटेना. आता सांग त्याला, वॉल्व्ह चांगला आहे. पहिल्याचा वॉल्व्ह उडतो कारण दुसऱ्याची झडप गळते. दुसऱ्याकडे गेलेली हवा पुन्हा पहिल्याकडे येते. दुसरा उघडून बघ म्हणावं.

आत्या: पहिला, दुसरा, गळती. आलं लक्षात. लोपेती, ऐक रे. लुसे म्हणते, पहिला उडाला कारण दुसरा गळका निघाला, म्हणून ती पुन्हा पहिल्याकडे गेली.

लोपेती: कोण गेली?

आत्या: मला काय विचारतोस! अख्ख्या वावाऊ बेटावर दोन नवरे काय मी एकटीनंच केलेत? माझा पहिला उडाला नव्हता, बोटीवरून पडला. आणि दुसऱ्याचं फक्त नाक गळायचं, तेही थंडीतच.

लुसेआने: टप्पे, आत्या! यंत्राचे टप्पे!

आत्या: मग टप्पे म्हणायचं. विधवेची अब्रू कशाला चव्हाट्यावर आणता?

लोपेती: दुसऱ्या टप्प्याची झडप? थांब, थांब. म्हणजे हवा मागे... हात्तिच्या! आत्या, तिला सांग, माझ्या डोक्यात कसं आलं नाही? मी आपला जो ओरडतोय त्याचंच तोंड दाबत बसलो.

(दुपार कलली. दुसऱ्या टप्प्याची तडकलेली झडप बदलून झाली. सेफ्टी वॉल्व्ह काढून टेबलावरच्या पकडीत बसवला आहे.)

लोपेती: आता ह्याचा स्क्रू पुन्हा बरोबर लावायचा. भरलेल्या सिलिंडरची नळी जोडलीय. मी हवा हळूहळू सोडतो. हा नऊ बार दाबावर उडायला हवा. आधी उडाला तर हवा बंद करून स्क्रू पाव फेरा आवळायचा, पुन्हा हवा सोडायची. पण गेज दाराजवळ आहे, इथून सुई दिसत नाही. तू वाच.

आत्या: चष्मा चर्चमध्ये राहिला. मला दोन सुया दिसतायत. त्यातली एक नऊवर आहे, चालेल?

लोपेती: नाही चालणार.

आत्या: लुसे, ये आत.

लुसेआने: मी? तो उडणार आहे आणि मी तिथे उभी राहू?

लोपेती: नको, नको! मी उद्या बंदरावरून कुणाला तरी आणतो.

आत्या: म्हणजे उद्यापर्यंत हे असंच? गप्प बसा दोघं. मी तुमच्या बापाची थोरली बहीण. त्याच्या मयताला राजवाड्यातला माणूस आला तरी मानाच्या जागेवरून मला कुणी उठवलं नाही. आज माझा हुकूम आहे. लुसे, तू गेजकडे तोंड कर. लोपेती, तू वॉल्व्हकडे. पाठीला पाठ. मी मधे उभी राहून स्तोत्र म्हणते, वरच्या पट्टीत. माझ्यापुढे कुठल्या वॉल्व्हचा आवाज चढतो ते बघू.

लोपेती: सोडतोय हवा.

लुसेआने: चार. पाच. सहा.

आत्या: हाऽल्लेऽलुऽयाऽऽ!

लुसेआने: साडेसहा.

लोपेती: नऊच्या आधीच. हवा बंद. पाव फेरा. सोडतोय.

लुसेआने: सहा. सात. साडेसात.

आत्या: हाऽल्लेऽ... थांबा रे, दम लागला, मला जरा श्वास...

(नेमका तेव्हाच वॉल्व्ह उडाला, फर्रर्र!)

आत्या: अगं बाई. माझा नव्हता हं तो.

लोपेती: मी जरा मागच्या दारानं जाऊन येतो.

लुसेआने: हलायचं नाही! आठ. आठवर उडाला.

लोपेती: लुसे, तू ऐकलंस.

लुसेआने: ऐकलं. आणि बरं वाटलं, लोपेती. ते गप्प होतं ना, तेव्हा मी पलीकडे तेच तेच मास्क मोजत बसायचे. धडाम कधी होतंय, एवढंच ऐकत. मला खूप भीती वाटायची.

लोपेती: मला वाटलं, पाहुणे मास्क चोरतायत.

लुसेआने: पाव फेरा आवळ.

लोपेती: आवळला. सोडतोय.

लुसेआने: सात. आठ. साडेआठ. आत्या, गा ना!

आत्या: हाऽल्लेऽलुऽयाऽऽ!

लुसेआने: नऊ! बरोबर नऊ!

लोपेती: पुन्हा एकदा बघू. आला?

लुसेआने: नऊच.

लोपेती: स्क्रू हलू नये म्हणून वरचा नट आवळला. आता ह्याला मी हात लावणार नाही. नवं सीलही लावून घेतो.

आत्या: झालं? माझी दोन कडवी अजून शिल्लक आहेत. बरं, राहू देत, रविवारी म्हणेन. घरी चला, तारोच्या पानांचं, नारळाच्या दुधातलं लू केलंय. लोपेती, तू बाहेरच्या खाटेवर जेव, लुसे आत. आजच्यापुरती ढील दिली म्हणून रोज नाही.

लोपेती: हो, आत्या. लुसे... झडप नवी आहे. आता सहसा उडणार नाही तो.

लुसेआने: आणि उडालाच, तर?

लोपेती: तर काय, समुद्र आहेच.

लुसेआने: समुद्रात नको जाऊस. मी दारातून विचारीनच, किती सिलिंडर झाले म्हणून. आधी यंत्रानं उत्तर दिलं तरी चालेल. मागून तुझं यायला हवं.