डावऱ्याच्या तीन रेघा

"हॅलो? … हॅलो? … हां, बोल. … अगं थांब, इथे मशीन चालू आहे, एक अक्षर कळत नाही. … थांब, बाहेर येतो."

मामा बाहेर आला. बाहेर म्हणजे फर्निचरच्या कारखान्यामागे जिथे फळ्या रचून ठेवतात तिथे. जेवणाची सुट्टी व्हायला अजून वीस मिनिटं होती आणि फोन धाकट्या बहिणीचा होता. कामाच्या वेळी ती कधी फोन करत नसे. तरी मामाने आवाज नेहमीचाच ठेवला.

"हां, आता बोल. … काय केलंय ठकूने? … उलटं? सगळं उलटं? … टेबलसुद्धा? अगं, ते टेबल मला एकट्याला हलत नाही, नऊ वर्षांच्या पोरीने कसं उलटवलं? … बरं बरं, आडवं पाडलंय. … नाही गं, हसत नाहीये. … खरंच नाही. सांग."

"शाळेत नाही गेली? … का? … काल? कुणाला चावली? … दंडाला? … नाही, चुकलंच तिचं, मी कुठे शाबासकी देतोय? पण ती मुलगी काय म्हणाली ते तरी सांग. … हं. … हं. … 'सांताबिंता कुणी नसतो, तुझा बाप पळून गेलाय.' … असं म्हणाली? … मग चावणारच गं. मी असतो तर मीही चावलो असतो."

"बाई काय म्हणाल्या? … नऊ वर्षांची झाली, आता पुरे. … अगं, त्यांच्या जागी त्यांचं बरोबरच आहे. वर्गातली बाकीची पोरं केव्हाच शहाणी झाली असतील. … पण त्यांना काय माहीत? तू सांगितलंस का त्यांना? … काय सांगितलंस? … बाहेरगावी असतात. … अजून तेच?"

हा 'अजून' तोंडातून गेला आणि मामाची मान खाली गेली. तो शब्द उच्चारायचा हक्क जगात कुणाला नसेल तर त्याला नव्हता, कारण हा सगळा डोलारा त्यानेच उभा केला होता. ठकूचा बाप म्हणजे त्याचा मेहुणा, आणि कारखान्यात त्याच्या शेजारच्याच बाकावर काम करणारा सुतार. चार वर्षांपूर्वी डिसेंबरात दहा दिवस हॉस्पिटलात काढून तो गेला. त्या दिवशी पाच वर्षांच्या ठकूला घरापासून लांब ठेवायचं काम सगळ्यांनी मामाला दिलं. परत येताना एका दुकानाबाहेर लाल कपडे घातलेला सांता घंटा वाजवत उभा होता, आणि ठकूने विचारलं, बाबा कुठे आहेत? मामाने उचलली जीभ लावली टाळ्याला. म्हणाला, सांताने कामाला नेलंय, लाकडाची खेळणी करायला त्याला माणूस कमी पडत होता. पोरीला ते इतकं पटलं की घरी जाऊन तिने सगळ्यांना सांगितलं. घरात पंधरा मोठी माणसं होती. एकानेही तिला नाही म्हटलं नाही.

"हो गं, आहे मी. … ऐकतोय. … पण चावण्याचा आणि फर्निचर उलटं करण्याचा काय संबंध? … कसल्या खुणा? … हां, त्या. … हो, सगळ्याखाली असणारच. स्टूल, पलंग, टेबल, सगळं डावऱ्यानेच केलेलं आहे तुमच्याकडचं."

कारखान्याची एक जुनी रीत होती. प्रत्येक सुतार आपण केलेल्या वस्तूच्या खाली, कुणाला दिसणार नाही अशा जागी, पटाशीने आपली खूण कोरायचा. पुढे सांधा निघाला तर कान कुणाचा धरायचा हे मालकाला कळावं म्हणून. मेहुण्याची खूण म्हणजे तीन तिरक्या रेघा. तो डाव्या हाताने काम करायचा, म्हणून सगळा कारखाना त्याला डावऱ्या म्हणत असे. तो गेल्यापासून दर डिसेंबरात मामा जेवणाच्या सुट्टीत बसून एक खेळणं करायचा, खाली त्याच तीन रेघा मारायचा, आणि बहीण ते रात्री ठकूच्या उशाशी ठेवायची. सकाळी ठकू खेळणं बघण्याआधी ते उलटं करायची. मग ती बाबांना पत्र लिहायची, आणि सांताकडे पाठवतो म्हणून ते मामाच घेऊन जायचा.

"खेळण्यांखालीही आहेत की. मी स्वतः कोरतो ना. … मग? … कलतात? कुठे कलतात? … थांब. परत सांग. … स्टुलाखालच्या डावीकडे. … हं. … आणि बसखालच्या? … हत्तीच्याही? … चारही खेळण्यांच्या उजवीकडे."

मामाने स्वतःच्या उजव्या हाताकडे पाहिलं. मग हवेत एक रेघ मारली, दुसरी मारली. उजवीकडेच झुकत होत्या.

"अगं, आता काय सांगू तुला. … नाही, नाही सुचलं. चार वर्षं सुचलं नाही. आख्खा कारखाना त्याला डावऱ्या डावऱ्या म्हणत होता, आणि माझ्या डोक्यात एवढा प्रकाश पडू नये? … म्हणजे कळलं म्हणायचं तिला. … नाही? … कळलं नाही? … मग म्हणते काय? …"

"काय? … परत म्हण. … 'बाबांच्या डाव्या हाताला काय झालं?'"

मामा फळ्यांवर बसला. पोरीने सगळं घर उलटं घातलं होतं, पुरावा काढला होता, तो बरोबर वाचला होता, आणि एवढं करून शेवटी बापाची काळजी करत बसली होती. त्याला वाटलं, आपल्याला कुणीतरी थोबाडीत मारली असती तर बरं झालं असतं.

"हो… हो, अगं ऐक ना. रडू नकोस. … ती कुठे आहे? … आतल्या खोलीत. दार लाव मग. … लागलंय? बरं."

"नाही. … नाही, मी असं सांगणार नाही. … अगं, 'हाताला लागलंय' म्हणायचं आणि मग? पुढच्या वर्षी काय म्हणायचं? … तुझं आपलं आजचं आज. … मी सुरू केलं, कबूल. हजारदा कबूल. पण मी सुरू केलं म्हणून मीच मरेपर्यंत ओढायचं का? फोन का येत नाही, तर तिथे तारा नाहीत. रजा का नाही, तर कामं फार. … हो, ते मीच सांगितलं. … तारांचं तू सांगितलंस. … बरं, मीच. भांडू नकोस."

"तेच तर म्हणतोय. सांगायचं कधी होतं? पाचव्या वर्षी म्हणालो, लहान आहे. सहाव्या वर्षी शाळा नवीन होती. सातव्या वर्षी तिला टायफॉईड झाला. आठव्या वर्षी तुम्ही घर बदललं. … नाही, तुला बोल नाही लावत. मीच म्हणालो होतो पुढच्या वर्षी बघू. … मला काय वाटलं सांगू? मला वाटलं, सगळ्या पोरांचं आपोआप सुटतं तसं हिचंही सुटेल. कुणीतरी शाळेत सांगेल, दोन दिवस रुसेल, आणि आपल्याला तोंड उघडावं लागणार नाही."

"आमच्या पॉलिशवाल्याच्या मुलाला सातव्या वर्षी कळलं. … हो, तोच जाडा. संध्याकाळपर्यंत रडला आणि सकाळी उठून सायकल मागितली. … अगं, त्याचं काय, त्याचा फक्त सांता गेला. बाप घरात बसला होता चहा पीत. … हिचा सांता गेला की पाठोपाठ बाप जातो. तो धरून ठेवायचा म्हणून ती चावते, नाहीतर तिला त्या लाल डगल्याचं काय पडलंय?"

"हो, माहीत आहे मला. … माहीत आहे गं. तू तिच्यासमोर एकदाही रडली नाहीस. भिंतीवर त्याचा फोटो लावला नाहीस. … बाथरूममध्ये नळ सोडून. … मला नव्हतं माहीत. … चार वर्षं? … अगं, मला एकदा तरी बोलायचंस."

 पलीकडे बहीण बोलत राहिली आणि मामा मधूनमधून हुंकार देत राहिला.

"हं. … हं. … नाही, कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहत नाही, एवढं मलाही कळतं. पण असं फोनवर? … मी संध्याकाळी येतो ना. समोर बसवून… … दार वाजतंय? … उघडू नकोस, आधी डोळे पूस. … अगं, माझ्याशी कशाला? … नाही, थांब, देऊ नकोस तिला, मी काय… हॅलो?"

"हां, ठकू. … मामाच आहे. … नाही, जेवायचंय अजून. तू जेवलीस का? … हं. … विचार. विचार की."

"हो, आईने सांगितलं आत्ता. … हुशार आहेस. मोठमोठ्यांच्या लक्षात आलं नाही. … हो, फरक आहे खरा. … हाताला… हो. … थोडं लागलंय. … डाव्याच. … नाही गं, फार नाही. … कधीपासून? … तशी… बरेच दिवस. … हो, चारही खेळणी त्यांनी उजव्याच हाताने केली."

सांगणार नाही म्हणून बहिणीला ठणकावून सांगितल्याला दोन मिनिटं झाली नव्हती. पोरीचा आवाज कानावर पडला आणि मामा पुन्हा त्याच खड्ड्यात जाऊन बसला.

"कोण? … करवतवाले काका? हो, त्यांची बोटं सापडली होती मशीनमध्ये. … हो, आपण त्यांना बघायला गेलो होतो. … घरीच होते ते. तीन महिने. … मालकांनीच पाठवलं. … हो, हाताला लागलं की घरीच पाठवतात. … सगळ्यांना. … सांतासुद्धा… … तू काय म्हणतेस ते कळतंय मला, ठकू. … हो. मग बाबांना का नाही पाठवलं."

मामाने इकडेतिकडे पाहिलं, जणू उत्तर फळ्यांच्या मागे ठेवलेलं असावं. बर्फाने रस्ता बंद आहे म्हणता आलं असतं. ठकूने तेही मानलं असतं. पुढच्या वर्षी आणखी काहीतरी मानलं असतं, आणि दारात उभी राहून वाट बघता बघता मोठी झाली असती. मामाला खोट्याची भीती कधीच वाटली नव्हती. तिच्या या मानण्याची आता वाटली.

"ठकू, ऐक. … नाही, रजा देत नाहीत असं नाही. … बाबा तिथे नाहीत. … दुसरीकडेही नाहीत. … नाही, पळून नाही गेले. ते कधीच गेले नसते. त्या मुलीला काही माहीत नाही. … हाताला काही झालेलं नाही. मी खोटं बोललो आत्ता. … आधीही. … बाबा आजारी होते. हॉस्पिटलात होते दहा दिवस. आणि मग ते गेले. … नाही, कामाला नाही."

"हो. … हो बाळा. मेले."

"खेळणी मी केली. … चारही. … कारखान्यात, सुट्टीत. … तुझी पत्रं? … माझ्या कपाटात आहेत, एकही टाकलेलं नाही. … वाचली. … हो, ती दोन गुपितं त्यांनाच सांगायची होती. … माझ्याबद्दल लिहिलेलंही वाचलं. … चुकलं माझं. … आईचं नाही. माझं."

आत भोंगा झाला. जेवणाचे डबे उघडल्याचा, खुर्च्या ओढल्याचा आवाज येऊ लागला. कुणीतरी दारातून मामाला हाक मारली. त्याने वळून न बघता हात केला.

"कधी म्हणजे? … तू पाच वर्षांची होतीस. डिसेंबरात. … तू घरी नव्हतीस. तू माझ्याबरोबर होतीस. … दिवसभर. … हो. … हो, तळ्यावर. … तोच दिवस. … पायडलची बोट, बरोबर. … दोनदा बसलो आपण, तू उतरायलाच तयार नव्हतीस म्हणून. … निबंध? … कुठला निबंध? … 'माझा सर्वांत आनंदाचा दिवस.' … नाही, मला कुणी दाखवला नाही. … बाईंनी वर्गात वाचला?"

"… तेव्हाच. हो. आपण बोटीत होतो तेव्हा त्यांना घरून स्मशानात नेलं. … मला माहीत होतं. … आईलाही. … सगळ्यांना माहीत होतं, ठकू. … नाही, तू रडली नाहीस. तुला कुणी सांगितलंच नव्हतं."

"… काय? …"

"कशाला विचारतेस ते आता? … बरं. … नाही, आता नाही बोलणार खोटं."

"हो. हसत होतीस. … हो, त्या वेळीसुद्धा. … खूप."

पलीकडे कुणी रडलं नाही. फोन ठेवल्याचा आवाज तेवढा आला.