आत्याचा कडक उपास

ऐका ना, काल काय झालं! न्याहारीत काय खाल्लं की भुकेचं हार्मोन किती वेळ गप्प बसतं, हा माझा कॉलेजचा प्रोजेक्ट. रक्त द्यायला शेवटची उरली होती पोशीर गावची आत्या. ती हुकली तर प्रोजेक्टच अडकणार, म्हणून फोनवर दहादा बजावलं, "सकाळी उपास धरून ये हं!"

आली बाई वेळेवर. सुई टोचणार, एवढ्यात तिने असा ढेकर दिला की मी दचकून उडालेच.

"आत्या, खाल्लंस तू?"

"उपासाचंच गं! साबुदाण्याची खिचडी, वर दोन केळी."

"अगं, उद्या परत ये. पण काहीच खायचं नाही!"

"काहीच नाय? मग तो उपास कसला गं? ती तर उपासमार हाय!"