वर गेलेलं बोट

मंडळी, ऐका! कीर्तनाच्या पूर्वरंगात आपण समदृष्टीचा विचार केला. आता आख्यान. पण त्याआधी एक प्रश्न. माणसाने निःपक्ष असावं, की निःपक्ष दिसावं?

तुम्ही म्हणाल, हा काय प्रश्न झाला? दोन्ही असावं. बरोबर! पण समजा, एका घटकेला दोन्हीतलं एकच मिळणार आहे. असायला गेलात तर दिसणार नाही, आणि दिसायला गेलात तर असणार नाही. मग? कोणतं निवडाल?

आज सामना आहे, मला माहीत आहे. तिसऱ्या खांबाशी बसलेल्या काकांच्या उपरण्याखाली मघापासून उजेड पडतोय. असू द्या काका, रागावत नाही. आख्यानही क्रिकेटचंच आहे! फक्त धावसंख्या मोठ्याने सांगू नका, पेटीवाल्यांचा सूर हलतो.

तर मंडळी, गोष्ट जुनी. तेव्हा मैदानावर मोठे पडदे नव्हते, तिसरा पंच नव्हता, चेंडू परत परत दाखवणारं यंत्र नव्हतं. आणि मुख्य म्हणजे, सामना ज्या देशात, दोन्ही पंच त्याच देशाचे! म्हणजे लग्न मुलीच्या मांडवात, आणि मानपानाचा निवाडा करणारे दोघेही मुलीचे मामा. वरपक्षाला काय वाटत असेल? पाहुणे हरले की पंचांना नावं ठेवत. आपले लोक तिकडे जाऊन हरले की तिकडच्या पंचांना नावं ठेवत. जगभर हीच रीत!

अशा काळात कोल्हापूरच्या एका शाळेत त्र्यंबक आजगावकर नावाचे मास्तर होते. मूळचे सावंतवाडीकडचे. भौतिकशास्त्र शिकवायचे, आणि सुट्टीच्या दिवशी पंचगिरी करायचे. उंच, सडपातळ, कमी बोलणारे. षटकातले चेंडू मोजायला इतर पंच खडे ठेवत, मास्तर सहा सागरगोटे ठेवत. एक चेंडू पडला की एक सागरगोटा डाव्या खिशातून उजव्या खिशात. वीस वर्षं हे चाललं. आणि एके दिवशी पत्र आलं! मुंबईच्या कसोटी सामन्यात पंच म्हणून नेमणूक. पाहुणा संघ कुठल्या देशाचा? ते नाही सांगणार. देवळात बसून परक्याची निंदा नको. गोऱ्यांचा होता, एवढंच समजा.

मास्तरांच्या पत्नी इंदूताई. त्यांनी टोपीला इस्त्री केली, पांढरा कोट उन्हात वाळत घातला. मास्तर मात्र वर्तमानपत्र घेऊन बसलेले. आधीचा सामना पाहुणे हरले होते, आणि त्यांच्या कप्तानाने छापून आणलं होतं, की आम्ही अकरा जणांशी खेळलो नाही, तेरा जणांशी खेळलो. तेरा कसे? अकरा खेळाडू आणि दोन पंच! मास्तरांच्या ते जिव्हारी लागलं. त्यांनी मनात निश्चय केला, की काही झालं तरी हे वाक्य आपल्याबद्दल कुणाला लिहिता येता कामा नये.

निश्चय चांगला की वाईट? वरून चांगलाच दिसतो. पुढे बघा काय होतं!

पहिला दिवस. आपले गोलंदाज गोलंदाजी करतायत. चेंडू पायावर लागला की अकरा जण हात वर करून मास्तरांना विचारतात, पंच, कसं काय? मास्तर मान हलवतात, नाही. पुन्हा लागला, नाही. पुन्हा, नाही! दुसऱ्या दिवशी पाहुणे गोलंदाजी करायला आले. चेंडू आपल्या फलंदाजाच्या पायावर लागला, पाहुण्यांनी विचारलं, आणि मास्तरांचं बोट वर! आउट! संध्याकाळी पाहुण्यांचा कप्तान मुद्दाम चालत आला, हात हातात घेऊन म्हणाला, परदेशात इतका सरळ पंच मला भेटला नाही. मास्तरांना त्या रात्री जेवण गोड लागलं. का नाही लागणार? स्तुती आणि श्रीखंड, पोट भरलं तरी माणूस नको म्हणत नाही!

आता दुसरे पंच. केकी मिस्त्री. पारशी गृहस्थ, वयाने मोठे, जिभेने त्याहून मोठे. चौथ्या दिवशी चहाच्या वेळी त्यांनी मास्तरांना कोपऱ्यात घेतलं.

‘मास्टर, एक सांग नी. तुझ्या बाजूने आपल्या पोरांनी किती वेळा विचारलं?’

मास्तर म्हणाले, अकरा वेळा.

‘आणि तू किती दिले?’

एकही नाही, मास्तर म्हणाले. आणि पाहुण्यांनी पाच वेळा विचारलं, त्यांतले चार दिले. आकडे त्यांना तोंडपाठ होते, शास्त्राचे मास्तर ना! पण लगेच पुढे म्हणाले, आकड्यांवरून निष्कर्ष काढू नका केकीशेठ, अकराच्या अकरा वेळा खरोखर नाबादच असतील.

केकीशेठ बशीतला चहा फुंकत म्हणाले, ‘असतील नी. पण डिकरा, तू चेंडू बघत नाय. तू उद्याचा पेपर बघतो.’ पुढे त्यांनी आणखी एक शब्द वापरला. तो देवळात सांगण्यासारखा नाही.

मास्तर संतापले. पण मंडळी, राग कशाचा येतो? खोट्याचा आला तर तो घटकेत उतरतो. तो उतरला नाही म्हणजे आत काहीतरी लागलं. वर्गात मास्तर मुलांना काय शिकवायचे? ताजव्याने वजन करण्याआधी पारडी रिकामी ठेवून काटा बघा. काटा मुळातच कलला असेल, तर पुढचं सगळं मोजमाप वाया. आणि आपला काटा? तो त्यांनी मैदानात उतरण्याआधीच, स्वतःच्या हाताने, पाहुण्यांच्या बाजूला कलवून ठेवला होता. कशासाठी? तर आपल्या बाजूला कललेला दिसू नये म्हणून!

पाचवा दिवस उजाडला. दुपार झाली. आपल्याला जिंकायला चार धावा हव्यात. गडी किती शिल्लक? एक! शेवटचा फलंदाज शिवा ढमढेरे. हा गडी फिरकी टाकण्यात पटाईत. फलंदाजीत? बॅट अशी धरायचा, जणू घरात साप निघाला आणि हाताला पहिली काठी लागली! समोर पाहुण्यांचा लाल मिशांचा वेगवान गोलंदाज. चाळीस हजार लोक श्वास धरून बसलेले. मास्तर गोलंदाजाच्या टोकाला उभे. तीन सागरगोटे डावीकडे, तीन उजवीकडे.

गोलंदाज धावत आला. चेंडू आत वळला. आवाज आला, टक्! लगेच दुसरा, थप्! चेंडू पायावर! अकरा पाहुण्यांनी आकाश फाटेल अशी आरोळी ठोकली, आणि मास्तरांचं बोट गेलं वर.

आउट! सामना संपला. पाहुणे एकमेकांच्या गळ्यात पडतायत. शिवाने एकदा बॅटच्या कडेकडे बघितलं आणि चालायला लागला.

आणि मास्तर? मास्तर बोट वर करून तसेच उभे. कारण आता त्यांना ऐकू आलं. काय? तेच, जे आधीच ऐकू आलं होतं! टक्, मग थप्. टक् म्हणजे लाकूड. थप् म्हणजे पायावरचं पॅड. चेंडू आधी बॅटला लागला होता, आणि बॅटला लागून पायावर गेलेल्या चेंडूवर फलंदाज पायचीत होत नाही. कानाने साक्ष दिली होती हो! पण हात कानाला विचारायला थांबलाच नाही. चार दिवस ज्या बाजूला जायची सवय लागली, त्या बाजूला गेला.

आता काय करायचं? मंडळी, पंचाच्या नियमात एक वाट आहे. चूक कळली तर पंच निर्णय फिरवू शकतो, पण तत्काळ. खेळाडू निघून गेल्यावर नाही. म्हणजे वेळ किती? शिवा सीमारेषेपर्यंत पोचेल तेवढा. तीस पावलं चालून झालीच होती.

बोट वर ठेवलं तर? पाहुणे खांद्यावर घेतील. जगात नाव होईल, की बघा, घरचा पंच असून घरच्या संघाला हरवलं! निःपक्षपणाचा याहून मोठा पुरावा कुठला? आणि बोट खाली घेतलं तर? सगळे म्हणतील, शेवटी घरचाच निघाला. जिंकत आलेल्या पाहुण्यांच्या तोंडचा घास काढला. तेरावा खेळाडू! जे वाक्य टाळण्यासाठी चार दिवस जिवाचं रान केलं, तेच कपाळावर. पुन्हा कसोटीचं पत्र येणं विसरा.

सांगा, तुम्ही काय केलं असतं? टक् हा आवाज शिवाला माहीत, मास्तरांना माहीत. तिसऱ्या कुणाला कळणार होतं?

मास्तरांनी बोट खाली घेतलं. लांब टांगा टाकत गेले आणि शिवाला हाक मारली. ‘ढमढेरे, परत या. तुम्ही नाबाद आहात.’

अहो, मग जो कल्लोळ झाला! चाळीस हजार लोक उभे! आजगावकरांचा जयजयकार! टोप्या हवेत! पाहुण्यांचा कप्तान पांढराफटक. तो अगदी हळू म्हणाला, की शेवटी तुम्ही त्यांचेच निघालात.

मास्तर म्हणाले, ‘चेंडू आधी बॅटला लागला. ते मी ऐकलं, आणि तरी बोट वर केलं. चूक माझी. पण माझ्या चुकीवर तुम्हाला सामना देता येत नाही.’

खेळ पुन्हा सुरू. आख्यान इथे संपतं असं वाटलं ना? बसा, देव आणखी एक चेंडू टाकणार आहे!

तोच गोलंदाज. चेंडू पुन्हा आत वळला. आवाज एकच, थप्! सरळ यष्टींच्या समोर, पायावर. पुन्हा ती आरोळी. पण या वेळी अर्धीच. पाहुण्यांनाही आता आशा नव्हती. ज्याने मघाशी दिलेला परत घेतला, तो हा देईल? आणि चाळीस हजार लोक, ज्यांनी आत्ता त्याचा जयजयकार केला, ते बघतायत. एकदा वाचवलंस बाबा, आता आमचाच राहा!

मास्तर थांबले. कानाला विचारलं. डोळ्याला विचारलं. बाकी कुणाला नाही. आणि बोट वर.

आपुला म्हणुनी झुकू नये, परका म्हणुनी वाकू नये ।
डोळां दिसले, कानी आले, त्याहुन दुसरे बोलू नये ॥

आपण तीन धावांनी हरलो. शिवा जवळून जाताना थांबला. ‘सर, आता नव्हता ना लागला?’

‘या वेळी नाही.’

‘मलापण तसंच वाटलं,’ शिवा म्हणाला, आणि हसला हो! हसत गेला. लोक मात्र नाही हसले. मघाच्या टोप्या गेल्या, आता चपला आल्या. केकीशेठनी एक चपल उचलून बघितली आणि म्हणाले, मास्टर, नवीन आहे, दुसरी यायची वाट बघू.

संध्याकाळी मास्तर आपल्या खेळाडूंच्या खोलीत गेले. चौघांना बाद दिलं होतं, त्यांतल्या दोघांचं नाव घेऊन सांगितलं, की तुम्ही बाद नव्हतात, मी घाबरून बोट वर केलं. कोपऱ्यातून शिवा म्हणाला, सर, माझं एकदाच परत घेतलंत, ह्यांचं आता घ्यायला लई उशीर झाला, चहा घ्या. आणि हशा पिकला.

मास्तर कोल्हापूरला परतल्यावर इंदूताईंनी दोन वर्तमानपत्रं वाचून दाखवली. एकात लिहिलं होतं, घरचा पंच पाहुण्यांना विकला गेला. दुसऱ्यात पाहुण्यांच्या बातमीदाराने लिहिलं होतं, पंचाने शेवटपर्यंत घरच्यांना वाचवायचा प्रयत्न केला. मास्तर खूश! म्हणाले, बघ, दोन्ही बाजू शिव्या देतात, म्हणजे मी मधोमध.

इंदूताई म्हणाल्या, ‘अहो, दोघांनी शिव्या दिल्या म्हणून तुम्ही बरोबर, असं होत नाही हं. शेवटच्या चेंडूला जे ऐकलंत तेच दिलंत ना?’

‘हो.’

‘मग झालं. जेवायला बसा.’

चार दिवस कप्तानाच्या स्तुतीने जे मिळालं नव्हतं, ते मास्तरांना त्या भाकरीबरोबर मिळालं. पुढची कसोटी मिळायला सहा वर्षं लागली. त्याचं दुःख? कुणी पाहिलं नाही. शिट्टी वाजवत शाळेत जायचे म्हणे!

मंडळी, पुढे काळ बदलला. दोन देशांच्या सामन्यात तिसऱ्या देशाचे पंच आले, यंत्रं आली. चांगलंच झालं. पण तुमच्या घरात दोन लेकरं भांडली, तर तिसऱ्या देशातून पंच कुठून आणणार? तिथे तुम्हीच!

आणि तुम्ही काय करता? शिक्षिका आहात, मुलगी स्वतःच्याच वर्गात आहे. लोक बोलतील म्हणून तिचे दोन गुण कापता, आणि त्याला न्याय म्हणता! पाहुण्यांच्या मुलाने खेळणं मोडलं, आणि धपाटा आपल्या मुलाला. का? चांगलं दिसतं! हळदीकुंकवाच्या रांगोळी स्पर्धेत सख्ख्या जावेची रांगोळी सगळ्यांत सुरेख, म्हणून तिला तिसरा नंबर. हसताय? त्या जाऊबाई इथेच बसल्या असतील!

आपल्या माणसाला झुकतं माप देणं हे पाप, सगळ्यांना माहीत आहे. पण आपल्याच माणसाला उणं माप देऊन लोकांकडून नाव मिळवणं, हेही झुकतंच माप. ते परक्याला दिलेलं नसतं, स्वतःच्या नावाला दिलेलं असतं.

तेव्हा घरी गेल्यावर कुणी दोघं तुमच्या तोंडाकडे बघायला लागले, तर उद्या कोण काय म्हणेल हे मनात आणू नका. काय दिसलं, काय ऐकलं, तेवढंच बघा. आणि चुकलात, तर खाली घ्यायला लाजू नका. देवाने बोटाला तीन पेरं आणि मध्ये सांधे दिलेत. नुसतं वरच ठेवायचं असतं, तर त्याने तिथे सरळ काठी नसती का लावली?